शनिवारी पैसे न घेणारे घर : अलिबागजवळच्या एका बेने इस्रायल घरातील मुक्काम

अलिबागपासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर ज्यांची घरगुती निवासस्थाने आहेत, त्यांचा आठवडा शुक्रवारी दुपारी सुरू होतो आणि रविवारी संध्याकाळी संपतो. मुंबई-पुण्याची गर्दी याच वेळात येते, खोल्यांचे दर याच वेळात दुप्पट होतात आणि पावसाळ्याचे चार महिने काढायचे असतात ते याच कमाईवर. अशा पट्ट्यात बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे, एक घर असे आहे की, जे शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत नवा पाहुणा घेत नाही, चूल पेटवत नाही, फोन उचलत नाही आणि पैशाला हात लावत नाही. माघी पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी मी आणि माझी धाकटी बहीण तेथे गेलो आणि सोमवारी सकाळी निघालो. घरावर पाटी नाही आणि नाव छापू नये अशी मालकीणबाईंची इच्छा आहे, म्हणून मी त्यांना येथे मावशी असेच म्हणते. आम्ही तेथेही तेच म्हणत होतो.

हा अभिप्राय लिहिण्यामागे एक जुनी खंतही आहे. दोन वर्षांपूर्वी याच भागातील एका उपाहारगृहात आम्ही फलकावर लिहिलेली ‘ज्यू थाळी’ मोठ्या उत्सुकतेने मागवली होती. नारळाच्या दुधातील कोळंबी आणि दह्यात मुरवलेले मटण असे त्या थाळीचे स्वरूप होते. चवीबद्दल तक्रार नव्हती. परंतु कोळंबीला पर आणि खवले नसल्यामुळे ती ज्यू धर्मशास्त्रात निषिद्ध आहे आणि मांसाबरोबर दूध-दही कधीच चालत नाही, हे आम्हांला नंतर कळले, तेव्हा फार वाईट वाटले. एका समाजाने शेकडो वर्षे ज्या दोन गोष्टी ताटात येऊ दिल्या नाहीत, नेमक्या त्याच दोन गोष्टी त्याच्या नावाने विकल्या जात होत्या. म्हणून मावशींकडे जाताना मी ठरवून गेले होते की, येथे जे पाळले जाते ते खरे आहे का, हेच पाहायचे. ते तीन दिवसांत पाहायला मिळाले खरे, पण ‘खरे पाळणे’ म्हणजे काय यावर त्या एका घरातच तीन मते होती.

आधी सोयीगैरसोयींबद्दल. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरून रिक्षाने गेलो. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता अगदी खराब आहे. चौसोपी जुने घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, पाहुण्यांसाठी तीन खोल्या. अंथरुणे धुतलेली, मच्छरदाण्या धडक्या, न्हाणीघरातले पाणी सकाळी आठनंतर कोमट. दर माणशी दिवसाला 2,200 रुपये, त्यात दोन वेळचे जेवण, न्याहारी आणि चहा. शनिवारी गरम अंघोळ मिळणार नाही, हे मात्र आधी सांगायला हवे होते. बहिणीला सर्दी होती आणि तिला ते जड गेले.

दाराच्या उजव्या चौकटीला तिरकी बसवलेली मेझुझा, म्हणजे धर्मवचनाची गुंडाळी असलेली डबी, आहे. आत येताना मावशींचा हात तिला लागतो आणि बोटे ओठांकडे जातात, अगदी उंबऱ्याला हात लावून नमस्कार करणाऱ्या आमच्या आजीसारखे, न पाहता. अंगणात तुळशीवृंदावनाच्या जागी म्हणावी अशी एक दगडी उखळ आहे, तेलघाण्याची. बेने इस्रायलांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले आणि त्यांतले सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. पुढे हे लोक कोकणातल्या गावागावांत तेल गाळण्याचा धंदा करू लागले. शनिवारी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून गाववाल्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. पेणकर, रोहेकर, नवगावकर, अष्टमकर, झिराड ही त्यांची आडनावे या जिल्ह्याच्या नकाशावरूनच उचललेली आहेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा घरी मावशींची दोन भाचरे होती. मावशींचा भाऊ फार पूर्वी इस्रायलला गेला आणि दिमोना या वाळवंटी गावात स्थायिक झाला. त्याचा मुलगा आता चाळिशीचा आहे आणि दोन वर्षांपासून आत्याला या कामात मदत करण्यासाठी येथे राहतो. त्याची धाकटी बहीण तीन आठवड्यांसाठी आली होती. भाचा स्वतःला ‘हिलोनी’ म्हणवतो, म्हणजे धर्मनियमांच्या बंधनात नसलेला. भाची गेल्या काही वर्षांत कडक धर्मपालन करू लागली आहे. मराठी दोघांनाही येते, उच्चार थोडे वेगळे असले तरी.

शुक्रवारी दुपारी आम्ही समुद्रावर गेलो, तेव्हा ही मुलगी लांब झगा घालून गुडघाभर पाण्यात उभी होती आणि तिच्या हातात एक कोरा तवा आणि स्टीलचे पातेले होते. लाट आली की ती भांडे पूर्ण बुडवी आणि क्षणभर बोटे सैल सोडी, म्हणजे जेथे पकड होती तेथेही पाणी लागावे. आम्ही चौकशी केल्यावर तिने सांगितले की, अन्न शिजवण्याचे धातूचे नवे भांडे ज्यू नसलेल्या माणसाने बनवलेले असेल, तर ते वापरण्यापूर्वी शुद्धीच्या कुंडात, झऱ्यात किंवा समुद्रात बुडवावे लागते. तीन आठवडे ती याच दोन भांड्यांत स्वतःपुरते शिजवणार होती, कारण आत्याच्या भांड्यांबद्दल तिला पुरेशी खात्री नव्हती.

मला तिचा राग आला, हे मी कबूल करते. माझी रत्नागिरीची आजी सोवळ्यात स्वयंपाक करी आणि शेजारच्या घरचे पाणीही घेत नसे. त्यातून मनाला किती लागायचे ते मी लहानपणी पाहिले आहे. संध्याकाळी मावशी आम्हांला म्हणाल्याही, “माझ्या ताटात काय विटाळ आहे ते हिलाच ठाऊक.” त्यावर भाची तिथल्या तिथे म्हणाली, “आत्या, तुझ्या हातावर माझा अविश्वास नाही. पण शंका असताना खाल्लं, तर मी माझा शब्द मोडते.” नंतर मी विचार केला तेव्हा मला जाणवले की, त्या मुलीला त्या घरात सर्वांत कमी सुख मिळत होते. मावशींच्या हातचे सुरमईचे कालवण समोर असताना ती स्वतःच्या पातेल्यातला वरणभात खात होती आणि तेही आत्याची नाराजी सोसून. दिखाऊपणा असा नसतो.

मावशींचे स्वयंपाकघर हा या मुक्कामाचा सर्वांत समृद्ध भाग आहे आणि येथे मी थोडी रेंगाळणार आहे. मांसाची आणि दुधाची भांडी वेगळ्या फडताळांत असतात. मांसाच्या जेवणात दूध-दही नसते, म्हणून रस्सा दाट करण्याचे काम नारळाचे दूध करते. कोकणातला हा नारळ त्यांना धर्मपालनासाठीच दिला असावा असे वाटते, इतका तो तेथे चपखल बसतो. मासळी घेताना मावशी नखाने अंगावरचे खवले खरवडून पाहतात. खवला सुटून आला तरच मासा घरात येतो. सुरमई, रावस, पापलेट चालते. कुर्ल्या, तिसऱ्या, माकूल, कोळंबी, मोरी, शिंगाळा यांना दारातून परत पाठवले जाते, पाहुण्याने कितीही आग्रह केला तरी. अंडे थेट पातेल्यात फोडत नाहीत. आधी काचेच्या पेल्यात फोडतात आणि रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून देतात. कोंबडी किंवा मटण हवे असेल तर ते धर्मशास्त्राप्रमाणे कापलेले असावे लागते. तसे मांस मुंबई-ठाण्याकडून आले असेल तरच मिळते. आल्यावर तेही अर्धा तास पाण्यात, एक तास मिठात ठेवून तीनदा धुतले जाते, म्हणजे रक्त राहू नये. आमच्या तीन दिवसांत ते एकदाच होते. ज्यांना रोज मांसाहार लागतो त्यांची येथे निराशा होईल.

मासळीच्या या निवडीला बेने इस्रायलांच्या इतिहासात फार मोठे स्थान आहे. दावीद राहबी नावाचा ज्यू गृहस्थ कोकणात आला तेव्हा या लोकांकडे धर्मग्रंथ नव्हते, हिब्रू भाषा विसरली गेली होती, ‘शेमा’ ही एक प्रार्थना तेवढी तोंडात उरली होती. हे ज्यूच आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे सर्व प्रकारची मासळी ठेवली. त्यांनी पर-खवल्यांची तेवढी उचलली आणि बाकीची बाजूला सारली. राहबीच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, परंतु कथा घरोघर सांगितली जाते आणि ती सांगताना मावशींचा आवाज बदलतो. ज्यांना एक ओळ वाचता येत नव्हती, त्या स्त्रियांनी धर्म सुपात ठेवून सांभाळला होता.

जुन्या सणांची मराठी नावेही तीच गोष्ट सांगतात. रोश हशाना हे ज्यू नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूर म्हणजे दारे लावून उपवास करण्याचा ‘दरफाळणीचा सण’ आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा उपवास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे करतात. पेसाहला म्हणत ‘अनाशी ढाकायचा सण’, म्हणजे आंबट पाण्याचे मडके झाकून ठेवण्याचा सण. मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटकेची कथा आणि बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या, भाकरीचे कारण काळाच्या ओघात पुसट झाले, पण त्या दिवसांत आंबट झाकायचे असते, एवढे मात्र स्वयंपाकघर विसरले नाही.

शुक्रवारी सूर्यास्ताच्या अठरा मिनिटे आधी मावशींनी दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून आशीर्वचन म्हटले आणि घराचा सूर बदलला. गॅसच्या मंद आचेवर जस्ताचा पत्रा टाकून त्यावर उद्याची पातेली आधीच मांडून ठेवलेली होती. द्राक्षरसाऐवजी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेल्या शरबतावर किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या स्वागताचा आशीर्वाद, झाला. मग रुमालाखालून दोन पोळ्या निघाल्या. वाळवंटात शब्बाथच्या आदल्या दिवशी दुप्पट मान्ना, म्हणजे देवाने आभाळातून दिलेले अन्न, पडत असे, त्याची ती आठवण. एरवी या घरात तांदळाची भाकरी असते, पण शब्बाथला गव्हाचीच पोळी लागते, कारण शास्त्राने गहू-जवासारख्या ज्या पाच धान्यांच्या भाकरीवर ‘भूमीतून भाकर काढणारा’ हा आशीर्वाद म्हणायला सांगितले आहे, त्यांत तांदूळ नाही. भातखाऊ किनाऱ्यावर दर शुक्रवारी गव्हाची कणीक मळली जाण्यामागे असे कारण असेल, हे मला कधी सुचले नसते.

भाचा समुद्रावरून जेमतेम वेळेवर आला, ओल्या केसांवर टोपी ठेवली आणि आत्याच्या शेजारी उभा राहिला. प्रार्थना त्याने म्हटली नाही, पण ‘आमेन’ म्हटले. जेवणानंतर वाडीत बसलो असताना मी त्याला विचारले की, विश्वास नसताना उभे राहणे हे ढोंग नव्हे का. त्याने शांतपणे सांगितले की, इस्रायलमध्ये त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. प्यू संशोधन केंद्राच्या 2016 च्या पाहणीत तेथील ज्यूंपैकी 49 टक्क्यांनी स्वतःला हिलोनी म्हटले होते, आणि तरीही एकूण ज्यूंपैकी 93 टक्के पेसाहच्या सेदर भोजनाला बसले होते. योम किप्पूरला तेथील रस्ते मोटारींवाचून ओस पडतात आणि मुले महामार्गावर सायकली चालवतात. पोलिसांची सक्ती नसते. “मी देवासाठी नाही, माणसांसाठी पाळतो,” असे तो म्हणाला. त्याच्या बहिणीला हे मान्य नव्हते. तिच्या मते जे आवडेल ते उचलायचे आणि बाकीचे सोडायचे याला पालन म्हणत नाहीत, आवड म्हणतात. सिनाय पर्वतापाशी देवाच्या आज्ञा मिळाल्या तेव्हा लोकांनी ‘आम्ही करू आणि ऐकू’ असे म्हटले, त्यात करणे आधी आहे, समजणे नंतर.

हा वाद त्या दोघांपुरता नाही. आज्ञा पार पडण्यासाठी मनात तो हेतू असावा लागतो की कृती पुरेशी आहे, यावर तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या जुन्या ग्रंथातच मतभेद आहेत. कोणी जबरदस्तीने बेखमीर भाकर खाऊ घातली तरी खाणाऱ्याची आज्ञा पार पडली, असे मत तेथे नोंदलेले आहे. आणि दुसऱ्या टोकाला, योम किप्पूरच्या सकाळी, सर्वजण उपाशी असताना, प्रार्थनागृहात यशयाचा जो अध्याय वाचतात, त्यात संदेष्टा विचारतो की, मान लववून गोणपाटावर बसणे हाच उपवास का. भुकेल्याला भाकर वाटून देणे आणि जोखडाची दोरी सोडणे हा उपवास नव्हे का. उपवासाच्या ऐन मध्यावर उपवासालाच जाब विचारण्याची ही प्रथा मला फार मोलाची वाटते. आपल्याकडेही ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणतात, पण ते म्हणतो आपण शेजाऱ्याला.

शनिवारी सकाळी चहाची गोष्ट पाहण्यासारखी होती. उकळते पाणी आदल्या दिवशीच मोठ्या थर्मासात भरलेले असते आणि चहाचा अर्क वेगळा काढून ठेवलेला असतो. भाचीने थर्मासातले पाणी एका पेल्यात ओतले, त्यातून दुसऱ्यात ओतले आणि मग त्यात अर्क घातला, कारण मूळ भांड्यापासून तिसऱ्या भांड्यात आलेले पाणी काही ‘शिजवत’ नाही असे मानले जाते. शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांचे 39 प्रकार आहेत आणि शिजवणे हा त्यांतला एक. मावशी सरळ थर्मासाखाली पेला धरतात. त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी थर्मास कुठला? शुक्रवारचा काळा चहा गारच प्यायचो आणि शब्बाथ पाळला असं म्हणायचो.” आम्हांला मिळालेला चहा कोमट आणि थोडा कडू होता, हेही नोंदवते.

शनिवारी दुपारी शेजारच्या खोलीतले मुंबईचे कुटुंब अचानक निघाले. त्यांनी फोनवरून पैसे पाठवण्यासाठी मोबाइल काढला. भाचा, जो स्वतः सकाळी समुद्रावर आपला फोन वापरत होता, पुढे आला आणि म्हणाला, “आता नको. घरी पोहोचल्यावर रात्री पाठवा.” त्या गृहस्थांना आश्चर्य वाटले, इतकी रक्कम अनोळखी माणसावर सोडायची? मी नंतर भाच्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला की, हा नियम त्याचा नाही, घराचा आहे, आणि घराचा नियम मोडण्याचा हक्क त्याला नाही. त्याला कोणी रोखणारे नव्हते. मावशी आत झोपलेल्या होत्या.

पण माझ्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटवला तो दुसऱ्याच गोष्टीने. या घरात झाडलोटीला आणि भांड्यांना गावातली एक बाई येते. शनिवारी ती दिसली नाही. मला वाटले, आजारी असेल. ती ज्यू नाही, तिला शब्बाथचे बंधन नाही. मावशी म्हणाल्या की, शनिवारी तिला भरपगारी सुट्टी असते आणि ती त्यांच्या सासूच्या काळापासूनच्या बायांना मिळत आली आहे. दहा आज्ञांत लिहिले आहे की, त्या दिवशी तू काम करू नकोस, तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल आणि तुझ्या वेशीच्या आत असलेला उपरी यांनीही करू नये. आणि बायबलातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात कारण दिले आहे की, तूही मिसर देशात दास होतास हे आठव. म्हणून शनवार तेल्यांच्या घाण्याचा बैलही शनिवारी जुंपला जात नसे. अंगणातली ती दगडी उखळ त्यानंतर मला निराळी दिसू लागली. अलिबागच्या धंद्यात शनिवारची रजा म्हणजे काय, हे येथल्या कोणत्याही कामवालीला विचारावे; त्याच दिवशी तिला सर्वांत जास्त राबावे लागते. मला जर कोणी विचारले की, खरे धर्मपालन कशावरून ओळखावे, तर मी त्या बाईच्या पगाराच्या वहीकडे बोट दाखवीन. तवा समुद्रात बुडवणाऱ्या मुलीचाही मला आदर वाटतो, परंतु तिची किंमत ती एकटी मोजते. येथे नुकसान घर सोसते आणि विसावा दुसऱ्याला मिळतो.

बाहेरच्यांनी या लोकांच्या खरेपणाची परीक्षा घेतल्याचा इतिहास फार जुना नाही. इस्रायलला गेल्यानंतर बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत तेथील मुख्य धर्मपीठाने 1962 साली वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले, कारण शास्त्रोक्त घटस्फोटाचे नियम कोकणात माहीत नव्हते, मग पूर्वीच्या पिढ्यांच्या पुनर्विवाहांचे काय, अशी शंका होती. त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने व सरकारने त्यांना सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे मानले. हे सांगताना मावशींनी भाचीकडे पाहिले नाही. दुसरीकडे मुंबईत डॉ. जेरुशा झिराड यांनी 1925 साली उदारमतवादी ज्यू धार्मिक संघाची स्थापना केली होती, म्हणजे परंपरेशी घट्ट राहूनही तिचे नियम नव्याने वाचावेत हा विचारही याच समाजातून आला. हे आडनाव ज्या झिराड गावावरून आले, ते गाव मावशींच्या घरापासून लांब नाही.

रविवारी संध्याकाळी तू बिश्वात, म्हणजे झाडांचे नववर्ष, सुरू होत होते. बेने इस्रायल या दिवशी एलियाहू हनबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याची आठवण करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापेची खूण आहे असे मानतात आणि तेथे मलिदा करतात. मावशींना आता तेथवर जाववत नाही, म्हणून मलिदा घरीच होता. परातीत भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची, बदाम-मनुका यांचा डोंगर, त्याभोवती पाच फळे आणि वर एक गुलाब. जगातल्या इतर ज्यूंमध्ये असा विधी आढळत नाही. भाची दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते की, तिला हा आजूबाजूच्या नैवेद्यावरून उचललेला प्रकार वाटतो.

गाणे झाले, ‘एलियाहू हनबी’ हे शब्द सर्वांनी मिळून म्हटले, आणि मावशींनी खजूर उचलला. त्यावर झाडाच्या फळाचा आशीर्वाद म्हणून तो वाटला. मग केळे हातात घेतले आणि त्यावर निराळा आशीर्वाद म्हटला, जमिनीच्या फळाचा. भाची एकदम पुढे आली. केळे वेगळे घ्यायचे, हे कोणी शिकवले, असे तिने विचारले. मावशी म्हणाल्या, “आईनं. केळ म्हणजे झाड नव्हे. एकदा घड दिला की मरते, मग बाजूने दुसरी येते.” भाचीने मान हलवली. तिने धार्मिक विद्यालयात ग्रंथांतून शिकलेला नियम नेमका हाच होता: ज्याचे खोड वर्षानुवर्षे टिकते ते झाड, आणि ज्याचे दरवर्षी नव्याने येते त्याचे फळ भूमीचे. वाडीत केळी लावणाऱ्या बाईने तो पुस्तकाशिवाय सांभाळला होता. सालीतल्या फळाला भांड्याची शंका नसते. भाचीने केळे घेतले, सोलले, आशीर्वाद म्हटला आणि आत्याशेजारी पाटावर बसून खाल्ले. भाचा तोवर पोह्यांच्या दुसऱ्या वाटीवर होता. ते पोहे, ओल्या खोबऱ्याचे प्रमाण इतके नेमके की गुळाची गोडी घशाशी येत नाही, त्या तीन दिवसांतला सर्वोत्तम पदार्थ होते.

या घराला मी पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा गुण खराब रस्त्याचा नव्हे. येणाऱ्याला शब्बाथचे नियम आधी पुरते सांगितले जात नाहीत, त्याचा आहे. ज्यांना शनिवारी रात्री उशिरा पोहोचायचे आहे, कोळंबी हवी आहे किंवा मोठ्याने गाणी लावायची आहेत, त्यांनी दुसरीकडे जावे. किनाऱ्यावर जागांची कमतरता नाही. लहान मुलांना शनिवारचा दिवस लांब वाटेल, पण वाडीत झोपाळा आहे आणि समुद्र पाच मिनिटांवर. अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन अबोथ हे प्रार्थनागृह पाहायचे असेल तर शनिवार सोडून जावे आणि आधी विचारून घ्यावे. रेवदंड्याचे बेथ एल हे 1842 चे प्रार्थनागृहही जवळच आहे. सार्वजनिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि आता गावांत ते जमणे कठीण झाले आहे, म्हणून कुलूप दिसले तर नाराज होऊ नये.

सोमवारी सकाळी आम्ही हिशेब चुकता केला, तेव्हा मावशींच्या वहीत शनिवारी निघून गेलेल्या कुटुंबाच्या नावापुढे ‘रविवारी आले’ असे लिहिलेले होते. खोली हवी असेल तर इस्रायल आळीत विचारावे, कोणीही घर दाखवील. फोन लागलाच तर शुक्रवारी दुपारी तीनच्या आत करावा, आणि सुरमई हवी असल्यास ती गुरुवारीच सांगून ठेवावी.